नखभर उदबत्ती

“वर जाताना सगळ्याच छान दिसता गं, खाली कशा येता ते मला दाखवा.”

होन्नम्मा हे म्हणाली तेव्हा आमच्या अकरा जणींचे बावीस पाय हवेत होते. पहाटेचे साडेपाच. मारम्माच्या देवळामागची पत्र्याची शेड, भिंतीला टेकवलेले बांबूच्या काड्यांचे भारे, आणि मधल्या फरशीवर खांद्यांवर उभ्या राहिलेल्या आम्ही. साडीचे काष्टे मारलेले, तळहात पाठीला. आम्ही उदबत्त्या वळणाऱ्या. आमचे तळहात कितीही धुतले तरी काळेच राहतात, कोळशाची पूड रेषांमध्ये जाऊन बसलेली असते. सर्वांगासनातून उतरलो की प्रत्येकीच्या पाठीवर दोन काळे पंजे उमटलेले असायचे. आमच्यातली राचम्मा म्हणायची, “पोलिसांना आमचे ठसे हवे असतील तर ठाण्यावर कशाला बोलावता? कमरेवरून घेऊन जा.”

मग आम्ही खाली यायचो, म्हणजे पडायचो. ओल्या मसाल्याचे गोळे पाटावर आपटावेत तशा धपाधप. होन्नम्मा कपाळाला हात लावायची.

तिला आम्ही अक्का म्हणायचो. साठी उलटलेली, अंगाने काडी, नाकात दोन्ही बाजूंना लाल खडे. तीही वळणारीच, बत्तीस वर्षं एकाच पाटासमोर बसलेली. चिमूटभर मसाला, त्यावर काडी, तळहाताचा एक फेर, की झाली उदबत्ती. मिनिटाला आठ, बोलता बोलता नऊ. तिच्या उदबत्तीला पोट नसायचं आणि कमरेत बाक नसायचा. आमच्या उदबत्त्या आमच्यावर गेलेल्या असायच्या.

तिला योग शिकवला तो एका पैलवानाने. चन्नबसवय्या त्याचं नाव. कुस्तीत कंबर गेल्यापासून तो किल्ल्यामागच्या तालमीच्या दारातल्या दगडावर बसून असे. अक्का तेव्हा तिशीची. तालमीतल्या हनुमंतासाठी उदबत्त्यांचे पुडे पोचवायला जायची, वाकून, एक हात कमरेवर ठेवून. ही गोष्ट ती आम्हाला दोन्ही आवाज काढून सांगायची, आणि प्रत्येक वेळी आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारख्या ऐकायचो.

“दुखतं कुठे?” पैलवानाने विचारलं.

“कुठे दुखत नाही ते विचारा.”

“काम काय करतेस?”

“बसते. रोज दहा तास.”

“बसत नाहीस. हरलेली असतेस. पाठ तेवढी जमिनीला लागलेली नसते.”

अक्काला राग आला. पण दुसऱ्या दिवशी पुडा द्यायचा नसतानाही ती तिकडे गेली. बायकांना तालमीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती, म्हणून बाहेर कडुनिंबाखाली गोणपाट पडलं. चाळीस दिवस त्याने तिला नुसतं बसवलं. कंबर सरळ, गुडघे सैल, जीभ तोंडात पडलेली, डोळे मिटलेले. आत पैलवान मातीत आदळत होते, मांड्या थोपटत होते, आणि बाहेर ही बाई काहीच करत नव्हती. एकेचाळिसाव्या दिवशी तिने विचारलं, “आसन कधी शिकवणार?”

म्हातारा हसून हसून खोकायला लागला. “मग इतके दिवस काय करत होतीस? आसन म्हणजे बसणं. बाकीचं वाकणं, उलटं होणं, ते सगळं नीट बसता यावं म्हणून. आणि नीट बसायचं कशासाठी, ते मला सांगता येत नाही. बसशील तेव्हा कळेल.”

सहा वर्षं ती तिथे शिकली. चन्नबसवय्या गेला त्याच वर्षी तिने आमच्या शेडमध्ये पहिली सतरंजी अंथरली.

शेडमध्ये घड्याळ नव्हतं, अक्काने लावू दिलं नाही. ती वेळ मोजायची उदबत्तीने. वळताना वाकड्या झालेल्या, टाकून द्यायच्या काड्या ती गोळा करून आणायची, त्यांच्यावरचा मसाला नखाने खरवडायची आणि टोकाला हवा तेवढाच ठेवायची. नखभर मसाला म्हणजे दोन-अडीच मिनिटं. बोटाचं एक पेर म्हणजे पाच. काडी वाळूच्या वाटीत खोचून पेटवायची, आणि म्हणायची, “डोळे मिटा. नाक उघडं ठेवा.”

मसाला जळत असतो तोवर वास गोड असतो. निखारा नुसत्या बांबूपर्यंत पोचला की तो वास एकदम बदलतो, करपट, कोरडा, चुलीतल्या काटकीसारखा होतो. दुसऱ्या कुणाला हा फरक कळायला वेळ लागेल. आमची नाकं याच वासावर जगतात. करपट वास आला की अक्का म्हणायची, “सोडा.” आणि आम्ही सोडायचो. ती म्हणाली की लगेच, पण खाली येताना पाच श्वास. पहिल्या श्वासाला पाय डोक्याकडे झुकायचे, मग एकेक मणका जमिनीला लागायचा, शेवटी टाचा. टाचा टेकताना आवाज झाला तर पुन्हा वर. हे यायला आम्हाला चार वर्षं लागली. पण आलं! ज्या सकाळी अकरा जणींच्या टाचा एकदम आणि आवाज न करता टेकल्या, त्या सकाळी अक्का आम्हाला घेऊन हॉटेलात गेली. तिने सगळ्यांना स्वतःच्या पैशाने कॉफी पाजली आणि राचम्माला दोन कप.

आसनामागचं तत्त्वज्ञान वगैरे असले शब्द तिच्या तोंडी नव्हते. पण तिचे काही कायदे होते.

शेजारणीचा पाय किती वर गेला हे बघणं म्हणजे चोरी.

हात अंगठ्यापर्यंत पोचत नसेल तर पोचत नाही. पाठ वाकवून पोचल्यासारखं दाखवणं म्हणजे खोटं बोलणं.

गुडघ्याला शिव्या द्यायच्या नाहीत. राचम्मा द्यायची. “हा मेला गुडघा, माझ्या सासूचा अवतार!” अक्का लगेच वळायची. “त्याने तुला वीस वर्षं बसवून खाऊ घातलं. तू त्याला मारतेस? मग संध्याकाळी नवऱ्याने हात उचलला तर रडू नकोस.”

“माझा नवरा? तो घोड्यावरसुद्धा चाबूक उचलत नाही, अक्का. म्हणून तर आमचा टांगा सगळ्यांच्या मागे असतो.”

तिचा एक कायदा मला फार उशिरा कळला. ती म्हणायची, “आसन धरता येणं हे अर्धंच. ते सोडायची वेळ आली आणि तरी धरून राहिलात, की तिथून पुढे ते आसन राहत नाही. हट्ट होतो.” मी चष्मा काढून सतरंजीखाली ठेवायची आणि हे ऐकायची. मला वाटायचं, ती पायांबद्दल बोलते.

अक्काची एक धाकटी बहीण होती, गुंडक्का. तीर्थहळ्ळीच्या पुढे, सुपारीच्या बागांमध्ये तिचं घर. दोघींनी लहानपणी ठरवून ठेवलं होतं की म्हातारपणी एकाच ओसरीवर बसायचं. गुंडक्काचा नवरा गेल्यापासून ती बोलावत होती. अक्का म्हणायची, “पुढच्या दसऱ्यानंतर येते.” मग गुंडक्का विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग गाईंची नावं, मग वाट. तिच्या सुनेचा फोन आला, “मावशी, तुम्हाला ओळखतात तोवर या.”

अक्का निघाली होती. पिशवी भरून ठेवली होती. जायच्या आधी तिने आमची परीक्षा घ्यायचं ठरवलं, पण आम्हाला सांगितलं नाही. त्या सकाळी आम्ही सर्वांगासनात गेलो, नखभर काडी जळाली, करपट वास आला, आणि अक्का काहीच बोलली नाही. आम्ही थांबलो. आणखी थांबलो. मानेत कळ भरली, पोटऱ्या लटलटायला लागल्या, कुणीतरी मारम्माचा धावा सुरू केला. शेवटी राचम्मा केळीच्या खांबासारखी आडवी झाली ती थेट शशिकलेवर. शशिकला आमच्यात सर्वांत लहान, नुकतं लग्न झालेली. ती किंचाळली. मग आम्ही सगळ्याच ढासळलो.

“वास नाही आला तुला?” अक्काने विचारलं.

“आला की,” राचम्मा खांदा चोळत म्हणाली.

“मग?”

“तू ‘सोडा’ म्हणाली नाहीस ना!”

अक्काने वाळूच्या वाटीतून जळकी काडी उपटली. मग म्हणाली, “मी तुम्हाला योग नाही शिकवला. माझा आवाज शिकवला.” तिने पिशवी रिकामी केली. आणि आम्हा अकरा जणींसमोर सांगितलं, “ज्या दिवशी माझ्या आवाजाशिवाय तुम्ही खाली याल, त्या दिवशी मी जाईन. त्याआधी गेले तर तिकडे ओसरीवर बसूनही मी इथेच बसलेली असेन.”

तिने हे आम्हाला सांगायला नको होतं.

कारण त्याच दिवशी, कामावर, पाटापाटांवरून कुजबुज फिरली. राचम्माने सुरुवात केली. “ऐका गं. अक्काला जाऊ द्यायचंय का?”

“नाही.”

“मग कुणी खाली यायचं नाही. मान मोडली तरी चालेल.”

आम्ही हसलो. सगळ्याच. मीही. आणि दोन वर्षं आम्ही हा खेळ खेळलो. दर महिन्याला एखाद्या सकाळी अक्का गप्प राहायची, करपट वास यायचा, आणि आम्ही अकरा जणी पाय वर करून कळवळत राहायचो, अगदी शहाण्यासारख्या चेहऱ्याने. आम्हाला येत होतं. पहिल्या काही महिन्यांतच यायला लागलं होतं. नाकाला कळायचं, पाठ आपोआप सैल व्हायची, आणि आम्ही तिला दामटून वर ठेवायचो. शेवटी अक्का हरल्यासारखी म्हणायची, “सोडा.” मग आम्ही उतरायचो, सुरेख, पाच श्वासांत.

तिला कळत होतं का? एकदा ती माझ्या डोक्याशी येऊन बसली. मी उलटी, ती सुलटी. हळूच म्हणाली, “ए चष्मेवाली, तुझ्या पापण्या हलल्या.” मी श्वास रोखला. ती उठून गेली.

यंदा श्रावणात पुन्हा गुंडक्काच्या घरून फोन आला. अक्का शेडमध्येच होती. आम्हाला पलीकडचा आवाज ऐकू येत नव्हता, तिचाच येत होता. “मी होन्ना बोलते. होन्ना गं. नाही, अम्मा नाही. अम्माला जाऊन पस्तीस वर्षं झाली.” मग ती थांबली, आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, “हो, बाळ. अम्माच बोलते. जेवलीस का?”

त्या दिवशी पाटावर सगळ्या माना खाली घालून वळत होत्या. राचम्मासुद्धा. पण खेळ थांबवायचाही विषय कुणी काढला नाही. दोन वर्षं धरलेली मूठ उघडायची कशी, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मग शशिकला ते पत्रक घेऊन आली. दसऱ्याच्या योगस्पर्धेचं! सांघिक गट, स्त्रिया, वयाची अट नाही. पाच आसनं, शेवटचं सर्वांगासन, दोन मिनिटं, शिट्टी झाली की एकत्र उतरायचं. पहिल्या तीन संघांना संक्रांतीनंतर बेंगळुरूला राज्याच्या स्पर्धेत जायला मिळणार.

“संक्रांतीनंतर!” राचम्माचे डोळे चमकले. “म्हणजे तोवर अक्का कुठे जाते? तिला सोडून बेंगळुरूला आपण एकट्या जाणार काय?”

शशिकला अक्काकडे वळून म्हणाली, “अक्का, तुम्ही हो म्हणा ना. एकदाच.”

“पदक कुठे घालणार गं? गळ्यात? आधीच माना आखडलेल्या.” पण अक्का हसत होती. मग विचारलं, “तिथे मला बोलता येईल?”

“नाही. गुरूने प्रेक्षकांत बसायचं. एक शब्द काढला तर संघ बाद.”

“आणि शिट्टी कोण वाजवणार?”

“पंच.”

“म्हणजे माझ्या आवाजाच्या जागी शिट्टी,” अक्का म्हणाली. “बरं. जा. पण दसरा झाला की मी शेवटचं एकदा गप्प राहून बघणार आहे तुम्हाला.”

ते पाच आठवडे! तशी धमाल त्या शेडने कधी बघितली नसेल. पहाटे आसनं, दिवसभर पाट, संध्याकाळी पुन्हा आसनं. मादय्या, राचम्माचा नवरा, टांगा उभा करून दारात बसायचा आणि तोंडाने शिट्टी वाजवायचा, म्हणजे आम्हाला शिट्टीची सवय व्हावी. त्याची शिट्टी ऐकून बाहेर घोडं चालायला लागायचं, मग तो घोड्यामागे धावायचा आणि आम्ही पाय वर करून हसायचो. हसताना सर्वांगासन टिकत नाही, पण आमचं टिकायला लागलं. घरी नाचणीच्या उंड्यांचे आकार लहान झाले, पोटं आत गेली. शशिकलेच्या सासूने विचारलं, “स्पर्धा योगाची आहे की उपासाची?”

अक्कासुद्धा पेटली होती. ती प्रत्येकीपाशी जाऊन हाताच्या उलट्या बाजूने पाठ चाचपायची. “इथे अजून भांडण चाललंय. मिटव.” असं म्हणाली की खरोखर तिथे काहीतरी मिटायचं. पायांपासून खांद्यांपर्यंत एक सरळ रेघ, आणि त्या रेघेत काहीच करायचं उरलेलं नाही. काम करून थकलेल्या शरीराला हे मिळतं तेव्हा ते रडतं. मी रडायची. उलटं असताना आसवं कपाळावरून केसांत जातात, कुणाला दिसत नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी राचम्माने आयुष्यात पहिल्यांदा विजार घातली. पांढरी. आरशासमोर उभी राहून म्हणाली, “दोन पायांना दोन वेगळी घरं! हे कुणाच्या डोक्यातून निघालं?”

“चालून बघ.”

“चालते. पण कुणी मागून येतंय असं वाटतं.”

मादय्याने दोन खेपा करून आम्हाला एका शाळेच्या मोठ्या सभागृहापाशी नेऊन सोडलं. अक्का पुढे, त्याच्या शेजारी, मांडीवर कापडी पिशवी धरून बसली होती. आत पंखे गरगरत होते, ध्वनिक्षेपक शिट्ट्या मारत होता, कॉलेजच्या मुलींचा संघ निळ्या घट्ट कपड्यांत, बँकेतल्या बायकांचा संघ केशरी. त्यांनी आमच्या हातांकडे बघितलं. आमच्या तळहातांची लाज वाटायची वेळ केव्हाच निघून गेली होती. राचम्माने हात हलवून दाखवला.

मंचाच्या कोपऱ्यात चामुंडेश्वरीचा फोटो, झेंडूची माळ आणि पितळेच्या घरात उदबत्ती. एक संपली की स्वयंसेवक मुलगी नवी लावत होती. आत पाऊल टाकताच राचम्माने नाक वर केलं. “आपली आहे गं! आपला मसाला!” खरंच होतं. आमचीच उदबत्ती, आमच्यापैकी कुणीतरी वळलेली. तो शकुनच वाटला. आम्ही एकमेकींचे हात दाबले.

अक्का दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसली. शेजारी मादय्या.

आमचं नाव पुकारलं. ताडासन. मग वृक्षासन, अकरा झाडं, एकही हललं नाही. त्रिकोणासनात सभागृहातून कुणीतरी ‘वा’ म्हणालं. पश्चिमोत्तानासनात राचम्माचं कपाळ गुडघ्यांना लागलं, ज्या गुडघ्याला ती सासू म्हणायची त्यालाही. मी चष्म्याशिवाय काही बघू शकत नव्हते, पण सभागृह शांत होत चाललेलं कळत होतं. आम्ही जिंकणार होतो. हे मला पोटातून कळत होतं, आणि त्याबरोबर हेही, की अक्का संक्रांतीपर्यंत आमची आहे.

“सर्वांगासन,” पंच म्हणाले. आम्ही वर गेलो. डोळे मिटले.

पहिले काही श्वास मी शिट्टीचाच विचार करत होते. मग तोही गेला. बावीस पाय, एक रेघ. पंख्याचा आवाज. झेंडूचा वास. आमच्या उदबत्तीचा गोड, जड वास, लहानपणापासून नाकात भरलेला. मग काही नाही. ते जे काही नाही असतं, ते.

आणि मग करपट वास आला. कोरडा, चुलीतल्या काटकीसारखा.

मी ठरवलं नाही. कुणीच ठरवलं नाही. पहिल्या श्वासाला पाय डोक्याकडे झुकले, पाठ सैल झाली, एक मणका, मग पुढचा. दोन. तीन. माझ्या डावीकडे राचम्मा उतरत होती, उजवीकडे शशिकला, मला दिसत नव्हतं पण जमिनीतून कळत होतं. चार. पाचव्या श्वासाला अकरा जणींच्या टाचा टेकल्या. आवाज झाला नाही.

आम्ही निजलो होतो, समाधानाने. मग राचम्मा ओठ न हलवता पुटपुटली, “शिट्टी झाली?”

“झाली असेल,” मी म्हटलं.

“तू ऐकलीस?”

“तू?”

तेवढ्यात शिट्टी झाली. लांब, कर्कश. आमचे पाय जिथे असायला हवे होते त्या रिकाम्या हवेसाठी.

मग राचम्मा ताडकन उठून बसली. “कोण उतरलं आधी? कोण गं ती भवानी?”

“मी नाही!” शशिकला रडकुंडीला आली. “मला तुमचा खांदा हलल्यासारखा वाटला!”

“माझा? मी तर तुझ्यामागून उतरले!”

मंचावरच भांडण जुंपलं. अकरा जणी एकदम बोलत होत्या. मुख्य पंच बाई वयस्क होत्या, त्या खुर्ची सोडून आमच्यापाशी आल्या. “शांत व्हा. पुढची-मागची कुणी नव्हती. अकरा जणी एका क्षणी उतरलात. मी इतकं एकत्र उतरणं कधी पाहिलं नाही. पण तीस-चाळीस सेकंद आधी. या आसनाचे गुण मला देता येणार नाहीत.” मग त्यांचा आवाज कडक झाला. “तुम्हाला खूण कुणी केली?”

“कुणीच नाही हो, अम्मा,” राचम्मा म्हणाली. “आईशप्पथ.”

“मग तुम्हाला कळलं कसं?”

मी सतरंजीखालून चष्मा काढला आणि डोळ्यांवर ठेवला. चामुंडेश्वरीच्या फोटोसमोर पितळेच्या घरात काळी पडलेली बांबूची काडी उभी होती. मसाला संपलेला. टोकाला धुराचा एक केस. स्वयंसेवक मुलगी नवी लावायची विसरून आमच्याकडे बघत राहिली होती.

मी बोट दाखवलं. राचम्माने बघितलं, मग शशिकलेने. भांडण आपोआप थांबलं. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसायला लागलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, विजारीत, मंचावर, सभागृहासमोर. स्पर्धा गेली! चाळीस सेकंदांनी गेली, एका काडीने गेली! “आपल्याच मसाल्याने केला घात,” राचम्मा मांडीवर हात मारून म्हणाली. “कुणी वळली होती ही, सांगा, तिला मी…”

आणि तिथे ती थांबली. तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि आतून काहीतरी निघून गेलं. शिट्टी नव्हती. अक्काचा आवाज नव्हता. आम्ही खाली आलो होतो.

आम्ही दुसऱ्या रांगेकडे बघितलं.

मादय्याने मागाहून सांगितलं की आम्ही वर होतो तेव्हा अक्का आमच्याकडे बघतच नव्हती. ती त्या उदबत्तीकडे बघत होती. निखारा खाली सरकत होता आणि हिचे दोन्ही हात पिशवीवर घट्ट मिटलेले होते. मादय्या घाबरला, म्हणाला, “अक्का, घड्याळात अजून वेळ आहे.” तिने मान हलवली नाही. धूर पातळ झाला, वास फिरला, आमचे पाय झुकायला लागले, तेव्हा तिच्या मुठी उघडल्या. एवढंच त्याने पाहिलं.

आता ती खुर्चीत सरळ बसली होती. चाळीस दिवस कडुनिंबाखाली बसली असेल तशी. तिचे डोळे आमच्यावरून फिरले, एकेकीवरून, पहिलीपासून अकरावीपर्यंत, घाई न करता. माझ्यापाशी ते क्षणभर थांबले, आणि मला खात्री झाली की तिला दोन्ही वर्षं सगळं ठाऊक होतं. पापण्या, मान, कुजबुज, सगळं.

“अक्का,” राचम्मा मंचाच्या कडेला येऊन म्हणाली. “अक्का, हे चुकून झालं गं. हे धरू नकोस. आपण पुन्हा…”

शशिकलेने तिचा हात धरला.

अक्का उठायला लागली. आधी दोन्ही पावलं जमिनीवर नीट टेकवली. मग हात गुडघ्यांवर. मग कंबर, पाठ, खांदे, सगळ्यांत शेवटी मान. मी मोजत होते. पाच श्वास. खुर्चीचा आवाज झाला नाही. तिने पदर सारखा केला, पिशवी खांद्याला लावली, रांगेच्या कडेने दारापर्यंत गेली, वाकून आपल्या चपला शोधल्या, एकेक पाय त्यात सरकवला, आणि बाहेरच्या उन्हात चालायला लागली.